म्हाळगींचा हिशेब आणि महाजनांचे गणित

निवडणूक आली की शिक्षकाच्या हातातला खडू सुटतो आणि मतदार यादी येते. उर्दू माध्यमाच्या शाळेत नोकरी करताना हे काम आमच्याही वाट्याला आले. केंद्रावर पहिला मतदान अधिकारी मतदाराचे नाव मोठ्याने वाचतो. समोर बसलेले पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत त्या नावापुढे खूण करतात. दुपार होईतो कोण आले आणि कोण राहिले हे त्यांना कळलेले असते. मग बाहेरची पोरे राहिलेल्या घरांकडे धावतात. सभा, मिरवणुका, झेंडे हा प्रचाराचा वरचा पोशाख झाला. त्याचा जीव या खुणेत असतो. ही विद्या आपल्या ठाणे-कल्याणात कशी वाढली, तिचा सर्वांत हुशार मराठी जाणकार कोण होता आणि तिच्यात आपली गणती कशी झाली, हे तपासून पाहावे असे आम्हाला फार दिवस वाटत होते.

जुना ठाणे लोकसभा मतदारसंघ प्रचंड होता. ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बेलापूर असा त्याचा पसारा. आणीबाणीनंतर १९७७ साली येथून रामभाऊ म्हाळगी निवडून आले आणि १९८० साली पुन्हा आले. जनसंघाचे म्हाळगी १९५७ मध्ये मावळातून विधानसभेत गेलेले. त्यांचा विचार आमच्या समाजाला परका होता, पण त्यांची एक रीत कोणालाही आदर वाटावा अशी होती. आपण सभागृहात कोणते प्रश्न विचारले, कोणती कामे केली, याचा छापील अहवाल ते मतदारांपुढे ठेवीत. मत मागणारे अनेक असतात. मत मिळाल्यावर हिशेब देणारा विरळा. मार्च १९८२ मध्ये ते वारले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी उभी राहिली. भाईंदरजवळ उत्तनला तिचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि लोकप्रतिनिधींना व कार्यकर्त्यांना ती शिक्षण देते. या संस्थेच्या उभारणीत जो तरुण पुढे होता, त्याचे नाव प्रमोद महाजन.

महाजन यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९४९ चा, जुन्या हैदराबाद राज्यातील महबूबनगरचा. वाढले ते अंबाजोगाईला. निजामाच्या अमलात याच गावाला मोमिनाबाद म्हणत, हे आमच्या वाचकांपैकी मराठवाड्याच्या मंडळींना ठाऊक असेल. सुरुवातीला ते तेथे इंग्रजी शिकवीत. म्हणजे हा माणूस मुळात आमच्याच पेशातला. पुढे संघाचे पूर्णवेळ काम, आणीबाणीत तुरुंगवास, मग भाजपचे प्रदेश संघटन आणि १९८६ मध्ये युवा मोर्चाचे राष्ट्रीय अध्यक्षपद, अशा पायऱ्या ते चढले. वाणी तेज, स्मरण दांडगे, विरोधी पक्षांतही दोस्ती. पण त्यांची खरी हुकमत आकड्यांवर होती. कोणत्या जागेवर कोण उभा राहिला तर कोणाची किती मते फुटतील, याचा नकाशा त्यांच्या डोक्यात तयार असे.

या आकड्यांतूनच १९८९ ची शिवसेना-भाजप युती झाली. वेगळे लढून दोघेही हरतात, एकत्र आले तर काँग्रेसला धक्का बसतो, हा साधा हिशेब. १९९० च्या विधानसभेत सेनेला ५२ आणि भाजपला ४२ जागा मिळाल्या. १९९५ मध्ये सेना ७३ आणि भाजप ६५, बेरीज १३८. सभागृह २८८ चे. काही अपक्षांचा टेकू घेऊन सरकार आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि महाजन यांचे मेहुणे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्रात काँग्रेसची पिढ्यान्‌पिढ्यांची सत्ता मोडण्यात या बेरजेचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायला हवे.

मात्र प्रत्येक बेरजेत कोणीतरी वजाही होतो. सप्टेंबर १९९० मध्ये लालकृष्ण अडवाणी यांना सोमनाथहून अयोध्येकडे पदयात्रेने जायचे होते. पायी चालून फारसा मुलूख पालथा घालता येणार नाही, त्यापेक्षा रथ करा, असे महाजन यांनी सुचविले. एका लहान बसला रथाचे रूप दिले गेले. २५ सप्टेंबरला निघालेली ही यात्रा २३ ऑक्टोबरला बिहारात समस्तीपूरला अडविण्यात आली. प्रचाराची युक्ती म्हणून ती अचूक होती. गावोगाव माणसे लोटली, पक्षाचे बळ वाढले. परंतु युक्ती जेथे संपते तेथे तिचे परिणाम संपत नाहीत. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबरात आणि जानेवारीत मुंबई जळाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे. एका माणसाच्या माथी हे सारे मारणे इतिहासाशी बेइमानी ठरेल. पण प्रचाराच्या आखणीत माणसाच्या भीतीची किंमत कधीच धरली जात नाही, एवढे म्हणण्याचा हक्क आम्हाला आहे. मुंबईच्या वस्त्यांतून उठलेली असंख्य कुटुंबे मुंब्रा-कौसा येथे आली. आमच्या वर्गातल्या किती मुलांचे आजोबा तेव्हा एक ट्रंक आणि एक गाठोडे घेऊन मुंब्रा स्टेशनवर उतरले, हे हजेरीपटात लिहिलेले नसते.

आता ठाण्याकडे वळू. येथे शिवसेनेचे मूळ जुने. १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेत तिला पहिली सत्ता मिळाली होती. ऐंशीच्या दशकापासून जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनी टेंभी नाक्यावर बसून जिल्हा बांधला. ते स्वतः कधी निवडणूक लढले नाहीत. लोकांची गाऱ्हाणी ऐकणे, उत्सव घालणे आणि आंदोलने करणे ही त्यांची शस्त्रे. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर बकरी ईदच्या नमाजाच्या वेळी मंदिर बंद ठेवण्याविरुद्धचे त्यांचे घंटानाद आंदोलन कल्याणकर मुसलमान विसरणे शक्य नाही. ईदच्या सकाळी पोलिसांच्या रांगांतून ईदगाहकडे जाण्याची सवय त्यातूनच लागली.

म्हाळगींच्या या मतदारसंघात १९८९ आणि १९९१ मध्ये भाजपचे राम कापसे निवडून आले होते. कल्याणचे कापसे मराठीचे प्राध्यापक, सुसंस्कृत गृहस्थ. पण १९९६ मध्ये दिघे यांनी ठाण्याची जागा सेनेसाठी हट्टाने मागितली आणि युती टिकवायची म्हणून भाजपने ती सोडली. सेनेचे प्रकाश परांजपे निवडून आले आणि पुढे १९९८, १९९९ व २००४ मध्येही तेच जिंकले. निवडून आलेल्या खासदाराची जागा, तीही म्हाळगींनी रुजविलेली, वाटाघाटीच्या मेजावर गेली. महाजन यांच्या शास्त्राचा हा नियमच होता, एक जागा देऊन राज्य राखायचे. ज्यांनी कापसे यांना मते दिली होती, त्यांना कोणी विचारले नाही. आमच्या समाजाला तर विचारण्याची पद्धतच नव्हती. गणितात आम्ही ‘विरोधी गठ्ठा’ म्हणून एका ओळीत आधीच लिहिलेले होतो.

या कुशल माणसाची स्वतःची कहाणी मात्र विचार करायला लावते. महाजन लोकसभेला ईशान्य मुंबईतून तीनदा उभे राहिले. १९८४ मध्ये हरले, १९९६ मध्ये जिंकले, १९९८ मध्ये पुन्हा हरले. दिल्लीत ते राज्यसभेच्या दारानेच अधिक वावरले, मंत्री झाले. डिसेंबर २००३ मध्ये राजस्थानची मोहीम त्यांच्याकडे होती. तेथे २०० पैकी १२० जागा आल्या. त्या जोरावर २००४ ची लोकसभा निवडणूक मुदतीआधी घेण्यात आली. ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती झळकल्या. फोन उचलला की पंतप्रधान वाजपेयींचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येई. निकाल लागला तेव्हा काँग्रेस १४५ आणि भाजप १३८. महाजन यांनी पराभवाची जबाबदारी घेतली. हा मोठेपणा फार थोड्या पुढाऱ्यांत असतो. २२ एप्रिल २००६ रोजी सख्ख्या भावाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ३ मे रोजी त्यांचे निधन झाले. साऱ्या पक्षांची माणसे त्या दवाखान्यात जमली होती.

त्यांच्यानंतर हे काम पगारी तज्ज्ञांच्या हाती गेले. २०१४ पासून प्रशांत किशोर यांचे नाव घरोघर पोहोचले. त्यांनी वेगवेगळ्या पक्षांना विजय मिळवून दिले. पण २०२५ मध्ये बिहारात स्वतःचा पक्ष उतरविला तेव्हा एकही जागा आली नाही. मतदार दुसऱ्यासाठी मोजता येतो, आपल्यासाठी तो समजून घ्यावा लागतो, एवढाच याचा अर्थ.

२००९ मध्ये जुना मतदारसंघ फुटून ठाणे, कल्याण आणि भिवंडी असे तीन झाले. मुंब्रा-कळवा हा नवा विधानसभा मतदारसंघ कल्याण लोकसभेत गेला. १९९३ मध्ये जीव मुठीत धरून आलेली माणसे आता कोणाच्या तरी विजयाचा आकडा झाली. आता आमच्या दारीही सारे येतात, आणि आमच्यातही आदल्या रात्री ‘गठ्ठा’ बांधून देणारे मुखत्यार निघतात. दोष केवळ बाहेरच्यांना देऊन चालणार नाही. स्वतःला गठ्ठा म्हणवून घेणाऱ्या समाजाला कोणी हिशेब देत नसतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेली माणसे रुळांवर पडून मेली. त्याआधी या प्रश्नावर आपल्या प्रतिनिधींनी काय केले, याचा छापील अहवाल आपल्यापैकी कितीजणांनी मागितला होता?

एका मतदानाच्या दिवशी मुंब्र्यात एक वृद्धा सकाळी सातलाच आमच्या केंद्रावर आली. यादीत तिचे नाव चुकीचे छापले होते. आम्ही ते वाचले, प्रतिनिधींनी खुणा केल्या. ती म्हणाली, “मास्तर, खूण नंतर करा. आधी माझं नाव नीट घ्या.” आम्ही तिचे ओळखपत्र पाहिले आणि नाव पुन्हा, बरोबर उच्चारून वाचले. मग तिने बोटाला शाई लावून घेतली.

नागरिकशास्त्राच्या तासाला आता आम्ही मुलांना एक गृहपाठ देतो. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला एक पत्र लिहा आणि वर्षभराच्या कामाचा हिशेब मागा. पत्र उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण खाली आपले पूर्ण नाव लिहा. महाजनांचे गणित सगळ्याच पक्षांनी पाठ केले आहे. म्हाळगींची रीत मात्र मतदारांनी मागितल्याशिवाय परत येणार नाही.