पाणबुडीतली धूळ

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पाणबुड्यांचे गस्तीचे अहवाल वाचण्याचा नाद मला काही वर्षांपूर्वी लागला. त्यांत ‘पॅम्पॅनिटो’ची कथा मनातून जाईना. पोर्ट्‌समथच्या नौदल गोदीत बांधलेली, सुमारे ३१२ फूट लांबीची ही पाणबुडी नोव्हेंबर १९४३मध्ये सेवेत आली. युद्ध संपेपर्यंत तिने सहा गस्ती केल्या.

१२ सप्टेंबर १९४४ रोजी तिने ‘काचिदोकी मारू’ हे जपानी जहाज बुडवले. त्यावर सुमारे नऊशे ब्रिटिश युद्धकैदी होते. त्याच काफिल्यातले ‘राकुयो मारू’ दुसऱ्या पाणबुडीने बुडवले. त्यावरही दोस्तांचेच कैदी होते. पाणबुड्यांना याचा पत्ता नव्हता. तीन दिवसांनी पॅम्पॅनिटोला तेलाने माखलेली माणसे तराफ्यांवर तरंगताना दिसली. तिने ७३ जणांना वर घेतले. जेमतेम ऐंशी माणसांच्या जागेत दीडशे माणसे कोंबून ती सायपानला पोहोचली.

इथवरचा इतिहास अहवालांत आहे. पण त्या दीडशे जणांनी कोणती हवा श्वासात घेतली, याला अहवालात रकाना नाही.

त्या काळच्या जहाजांत तापणाऱ्या नळांवर, डिझेल इंजिनांच्या धुराड्यांवर ॲस्बेस्टॉसचे वेष्टण असे. गॅस्केटांतही ते असे. आग रोखायला त्याच्याइतके स्वस्त दुसरे काही नव्हते. मात्र मोठ्या जहाजावर डेकवर येता येते. पाण्याखालच्या पाणबुडीत तीच हवा फिरत राहते. इंजिनखोलीतला खलाशी दुरुस्तीसाठी वेष्टण सोलायचा आणि त्या खोलीपासून चार पावलांवर झोपायचा.

धोका तेव्हा ठाऊक नव्हता, असे म्हणून सुटता येत नाही. १९४३मध्येच अमेरिकन नौदल आणि सागरी आयोगाने कंत्राटी गोद्यांसाठी आरोग्याचे किमान नियम काढले. त्यांत ॲस्बेस्टॉसिसचे नाव आहे. धुळीचे काम वेगळे करा, हवा खेचून घ्या, मुखवटे द्या, वेळोवेळी तपासणी करा, असे उपायही आहेत.

मग जानेवारी १९४६मध्ये नळांना वेष्टण घालणाऱ्या १,०७४ गोदी-कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली. ॲस्बेस्टॉसिस फक्त तिघांना आढळला. काम धोक्याचे नाही, असा निष्कर्ष निघाला. आकडे खरे होते, पण ते तिघेही वीस वर्षांहून अधिक काळ या कामात होते, आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांची दहा वर्षेही भरली नव्हती. जो रोग दिसायला दोन-तीन दशके लागतात, तो युद्धात भरती झालेल्या माणसांत इतक्या लवकर दिसणार कसा?

१९६०मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचा ॲस्बेस्टॉसशी संबंध दाखवला. १९६४मध्ये अमेरिकेत सेलिकॉफ यांनी वेष्टण-कामगारांतले मृत्यू मोजले. तोवर युद्धातले खलाशी चाळिशीत पोहोचले होते. गस्त कधीच संपली होती. धूळ फुप्फुसात होती.

पॅम्पॅनिटो १९८२पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. आपल्याकडे ‘विक्रांत’ २०१४मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडायला गेली. तीही त्याच महायुद्धातल्या बांधणीची. युद्धनौकेचे चरित्र जलावतरणापासून लिहिले जाते. ते तिचे वेष्टण सोलणाऱ्या शेवटच्या हातापर्यंत लिहायला हवे. आणि त्या हातांची तपासणी एकदाच करून भागणार नाही. वीस वर्षांनीही करावी लागेल.