डीएनए प्रतिकृतीकरणाचा पुनरारंभ

डीएनएची नक्कल करणारी प्रथिनयंत्रणा वाटेत अडकली किंवा साखळीवरून निखळली, तर झालेली मोडतोड दुरुस्त करून ती पुन्हा कामाला लावण्याची पेशीतील प्रक्रिया. तिचा सर्वांत बारकाईने अभ्यास ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूत झाला आहे.

या जीवाणूचे गुणसूत्र वर्तुळाकार असून त्यात सुमारे ४६ लाख बेस-जोड्या असतात. नक्कल एकाच ठरलेल्या आरंभस्थानी सुरू होते. तेथे दुहेरी साखळी उकलून दोन दुबेळकी (फोर्क) तयार होतात आणि विरुद्ध दिशांना सरकू लागतात. प्रत्येकाचा वेग सेकंदाला सुमारे १,००० बेस. वाटेत अडथळे पुष्कळ. अतिनील किरणांमुळे शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटलेले असतात, आरएनए बनवणारे विकर समोरून येऊन धडकते, तर कधी मूळ साखळीलाच चीर गेलेली असते. यातला शेवटचा प्रकार सर्वांत वाईट, कारण चिरेपाशी पोचताच फोर्कची एक शाखा तुटून सुटी होते.

हे सुटे टोक रेक-बीसीडी हे विकर पकडते आणि कुरतडत जाते. ‘जीसीटीजीजीटीजीजी’ हा आठ अक्षरांचा ‘काय’ क्रम लागला की त्याची वागणूक पालटते : एक साखळी शाबूत राखून ते तिच्यावर रेक-ए प्रथिन चढवू लागते. रेक-ए ही साखळी अखंड राहिलेल्या जुळ्या रेणूत घुसवते (हेच पुनर्संयोजन) आणि दुबेळके पुन्हा उभे राहते.

पण तेवढ्याने नक्कल सुरू होत नाही. साखळी उकलणारे डीएनए-बी हे सहा घटकांचे कडे एरवी आरंभस्थानीच बसवले जाते, तेही तिथला अक्षरक्रम ओळखून. फोर्क मोडतो तो भलत्याच जागी. ही अडचण प्राय-ए हे प्रथिन सोडवते. ते अक्षरे पाहत नाही. दुबेळक्याचा आकार आणि नव्या साखळीचे टोक ओळखते व सहकारी प्रथिनांकरवी कडे बसवून घेते. आर्थर कोर्नबर्ग यांच्या गटाला ते फाय-एक्स-१७४ या विषाणूच्या नकलेत सापडले होते. जीवाणूला स्वतःला त्याचा काय उपयोग, हे बरीच वर्षे कोडेच होते. प्राय-ए नसलेले जीवाणू जगतात, पण रोगट असतात : न विभागता लांबलचक वाढतात आणि अतिनील किरणांपुढे टिकत नाहीत. पाठ्यपुस्तके पुनर्संयोजन शिकवतात ते जनुकांची सरमिसळ म्हणून. जीवाणूच्या रोजच्या व्यवहारात मात्र मोडलेले फोर्क सावरणे हेच त्याचे मुख्य काम दिसते.

मानवी पेशीची रीत वेगळी. एकच भाग दोनदा नकलला जाऊ नये म्हणून तिथे उकलणारी एमसीएम कडी नक्कल सुरू होण्याआधीच बसवली जातात, नंतर नाही. म्हणून राखीव आरंभस्थाने ठेवलेली असतात. एक फोर्क बंद पडला तर शेजारचे जागे होते. अडकलेल्या फोर्कवरील नव्या साखळ्या कुरतडल्या जाऊ नयेत याची काळजी ब्राका-२ आणि रॅड-५१ ही प्रथिने घेतात. ब्राका जनुके निकामी झालेल्या स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगात ओलॅपॅरिबसारखी औषधे चालतात ती पेशीच्या याच दुबळेपणामुळे : ती पार्प हे विकर डीएनएवरच अडकवून ठेवतात, आणि तिथे मोडलेले फोर्क या पेशींना नीट सावरता येत नाहीत.