आठ आण्यांचे कुत्रे

इ. स. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या कोटातील दुकाने धडाधड बंद झाली. कोणत्याही कराविरुद्धचा तो हरताळ नव्हता; तो रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी होता. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याची पोलिसांची वहिवाट जुनीच होती. त्या वर्षी मात्र मारण्याची मुदत वाढली, आणि मेलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्याने शिपायांच्या हाताला मोठा चेव आला. मोकाट कोणते व पाळीव कोणते, हा भेद बक्षिसाच्या मोहापुढे टिकत नाही. घराच्या दारातून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी उठल्या. ज्या पारशी समाजात मृताच्या अंत्यविधीतही कुत्र्याच्या दृष्टीला स्थान आहे, त्याला हे सोसवेना. ६ जूनला पोलिसांवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी बाजार थांबला, गोऱ्या फौजेची रसद अडली, आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. हरताळात हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही सामील होते.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे मात्र म्हणता येत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या काळी इलाज नव्हता. पाश्चरने माणसाला पहिली लस टोचली ती १८८५ साली. भय खरे होते आणि दयाही खरी होती. शेवटी शहरातील शेठियांनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत अशी तडजोड निघाली.

परंतु बाहेर नेलेल्या जिवाला खायला कोण घालणार? १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आणि गुजराती महाजन यांच्या पुढाकाराने भुलेश्वरास पांजरपोळ उभी राहिली, ती या प्रश्नाच्या पाठोपाठ. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर आपणच लागा बसवून घेतला. भाकड गाय, लंगडा घोडा, जखमी पक्षी, बेवारशी कुत्रे, सर्वांना तेथे आश्रय मिळे. जीव घ्यायचा नाही, एवढाच तिचा नियम. पण जीव राखणे वेगळे आणि वेदना दूर करणे वेगळे, हा आक्षेप एकोणिसाव्या शतकात अशा पांजरपोळांवर वारंवार घेतला गेला, आणि तो अनाठायी नव्हता. मुंबईत ती उणीव पुढे परळच्या बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या इस्पितळाने पुष्कळ अंशी भरून काढली.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याचे निराळे उत्तर शोधले ते मद्रासच्या एका कुटुंबाने. वैमानिक कॅप्टन व्ही. सुंदरम् यांनी १९५९ साली आपल्या घरातच ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ ही संस्था सुरू केली. घरची माणसे व स्वयंसेवक, हेच आरंभीचे मनुष्यबळ. त्यांचा हिशेब साधा होता: एक गल्ली रिकामी केली की शेजारची कुत्री तेथे येतात, व वीण चालूच राहते. म्हणून १९६४ पासून त्यांनी मारण्याऐवजी नसबंदीचा आग्रह धरला. महापालिकेला तो पटायला तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. चेन्नईत १९९६ साली ही रीत अधिकृतपणे स्वीकारली गेली. २००१ साली केंद्र सरकारने तिचे नियम केले. कुत्रे पकडावे, नसबंदी व लस टोचणी करावी, ओळखीसाठी कानाला खूण करावी, आणि जेथून आणले त्याच जागी सोडावे. नियम झाले, परंतु बहुतेक नगरपालिकांपाशी ना पुरेशी इस्पितळे, ना पैसा. ओझे पुन्हा स्वयंसेवी संस्थांच्याच खांद्यावर पडले.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. लोक रस्त्यावर उतरले. २२ ऑगस्टला आदेश बदलला: नसबंदी व लस झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली, रेबीजचा संशय असलेली वा हल्लेखोर तेवढी निराळी ठेवावीत.