टाटा-बिर्ला प्लॅन : पैसा कुणाच्या खिशातून?

कुणी बडा उद्योगपती 'देशातली गरिबी हटवू' म्हणाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, काय मोठ्या मनाचा माणूस! दुसरा म्हणतो, सगळं नाटक. मला त्याच्या मनाशी घेणंदेणं नाही, मी हिशेब बघतो. ऐंशी वर्षांपूर्वीचा एक हिशेब सांगतो.

जानेवारी १९४४. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं नुकतीच मेली होती. त्या वेळी जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, कस्तुरभाई लालभाई, लाला श्रीराम, ए. डी. श्रॉफ, अर्देशीर दलाल आणि जॉन मथाई या आठ जणांनी एक आराखडा मांडला. नाव 'बॉम्बे प्लॅन', लोकांच्या तोंडी 'टाटा-बिर्ला प्लॅन'. १५ वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट करायचं, त्यासाठी खर्च १०,००० कोटी रुपये. माणशी रोज २,८०० कॅलरी अन्न, वर्षाला ३० वार कापड आणि १०० चौरस फूट जागा. (दहा बाय बाराच्या खोलीत अख्खं बिऱ्हाड राहणाऱ्या गिरणगावात हा आकडा कसा वाटला असेल!)

या थापा नव्हत्या, मेहनतीने केलेलं काम होतं. पण पैसा कुठून आणायचा? १०,००० पैकी ३,४०० कोटी चक्क नव्या चलनातून, म्हणजे नोटा छापून. नोटा वाढल्या की भाव चढतात. मालाचा साठा असलेला तरतो, रोजंदारीवाला मरतो. युद्धाच्या महागाईत हे सगळ्यांनी भोगलेलंच होतं. प्लॅनवाल्यांनाही ते कळत होतं. हा बोजा सगळ्यांवर सारखा पडणार नाही, म्हणून काही काळ सरकारने कडक नियंत्रणं ठेवावीत, असं त्यांनीच लिहिलं. म्हणजे गरिबाचं रक्षण त्या नियंत्रणांवर टांगलेलं होतं.

त्याच वर्षी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या गटाने 'पीपल्स प्लॅन' काढला. तो लिहिणाऱ्यांत आपल्या सासवडचे वि. म. तारकुंडे होते. त्यांनी अवजड कारखान्यांच्या आधी शेती आणि रोजच्या गरजेच्या वस्तू घेतल्या. त्याची चर्चा त्या मानाने कमीच झाली. होणारच, सह्या करायला टाटा-बिर्ला नव्हते ना!

आता पुढची गंमत बघा. कापडावर १९४३ पासून सरकारी नियंत्रण होतं आणि गिरण्यांना ते नकोच होतं. १९४८ साली ते उठवलं. भाव भडकले आणि त्याच वर्षी नियंत्रण परत आणावं लागलं. माणशी ३० वार कापडाचं स्वप्न मांडणाऱ्यांत कापडगिरण्यांचे मालक होते, हे विसरू नका.

आणि सह्या करणाऱ्यांपैकी ए. डी. श्रॉफ? त्यांनी १९५६ साली मुंबईत एक संस्था काढली. तिचं नाव 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज', आणि तिचा विरोध सरकारी नियंत्रणांनाच होता.