कंट्रोल डेटा सेट (टेप लायब्ररी)

कंट्रोल डेटा सेट (संक्षेप: सीडीएस) हा मेनफ्रेम संगणकाच्या स्वयंचलित टेप लायब्ररीचे नियंत्रण करणारा डेटाबेस होय. स्टोरेजटेक कंपनीच्या होस्ट सॉफ्टवेअर कंपोनंट (एचएससी) या प्रणालीत तो वापरला जातो.

== पार्श्वभूमी ==
अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील स्टोरेजटेकने १९८७ मध्ये ४४०० ही टेप लायब्ररी बाजारात आणली. तिच्या बारा बाजूंच्या सायलोत सुमारे ६,००० कार्ट्रिज मावत आणि यांत्रिक हात त्यांची ने-आण करी. ही कंपनी २००५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली.

== रचना ==
सीडीएसमध्ये दोन प्रकारची माहिती असते. पहिली, प्रत्येक कार्ट्रिज कोणत्या सायलोत, कोणत्या फलकावर, कितव्या ओळीत व स्तंभात आहे याची. दुसरी, लायब्ररीच्या मांडणीची: जोडलेले संगणक, टेप ड्राइव्हचे पत्ते, सफाई-कार्ट्रिजच्या क्रमांकाची आद्याक्षरे इत्यादी. एकच सीडीएस जास्तीत जास्त सोळा संगणक सामायिकपणे वापरू शकतात. मूळ प्रतीबरोबर दुय्यम व राखीव अशा आणखी दोन प्रती ठेवता येतात.

== मांडणीतील बदल ==
मांडणीचे वर्णन प्रथम 'लिबजेन' नावाच्या मॅक्रोंमध्ये लिहितात आणि त्यावरून सीडीएस निर्माण करतात. पुढे संगणकाचे नाव किंवा ड्राइव्हचा पत्ता यांसारखी एखादीच नोंद बदलायची असल्यास 'सेट' ही उपयुक्तता वापरतात. तिच्या बहुतेक पर्यायांसाठी सर्व संगणकांवरील एचएससी आधी थांबवावी लागते. नवीन सायलो जोडण्यासारख्या मोठ्या बदलासाठी मात्र नवा सीडीएस तयार करून जुन्यातील कार्ट्रिजच्या नोंदी त्यात विलीन केल्या जातात.

== दक्षता ==
यांत्रिक हात सीडीएसमधील नोंदीनुसारच चालतो. त्यामुळे ड्राइव्हचा पत्ता चुकल्यास कार्ट्रिज भलत्याच ड्राइव्हमध्ये बसवले जाते आणि ते मागणारे काम खोळंबते. स्थानाची नोंद चुकल्यास सायलोत असलेले कार्ट्रिजही सापडत नाही. टेपवरील माहिती शाबूत असूनही ती हाती येत नाही. म्हणून बदलापूर्वी सीडीएसची प्रत काढून ठेवणे आवश्यक असते. जुनी प्रत परत आणल्यास मधल्या काळातील हालचाली तिच्यात नसतात. त्या जर्नलमधील नोंदींवरून भरून काढता येतात. त्यानंतरही शंका उरल्यास 'ऑडिट' केले जाते. त्यात यांत्रिक हातावरील कॅमेरा कार्ट्रिजवरील लेबले वाचतो व ती सीडीएसमधील नोंदींशी ताडून पाहिली जातात.

'सेट'द्वारे केलेला बदल लिबजेनच्या मूळ मजकुरात आपोआप उतरत नाही. तो तेथेही नोंदवला नाही, तर पुढच्या वेळी त्या मजकुरावरून सीडीएस निर्माण करताना जुनीच मांडणी परत येते. दोहोंत तफावत पडली असल्यास सीडीएसवरून लिबजेनचा मजकूर पुन्हा तयार करण्याची सोय एचएससीमध्ये आहे.