माशी

नेम धरण्याला आमच्याकडची जुनी माणसं 'शिस्त धरणं' म्हणत. शाळेतली शिस्त आणि बंदुकीची शिस्त, शब्द एकच. शिकवली मला ती तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी.

तात्या दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत गेले होते. हातात थ्री नॉट थ्री. नळीवर खाच असलेली लोखंडी पट्टी आणि टोकाला माशी. पट्टीवर थेट २००० यार्डांपर्यंत आकडे. "दोन हजारावर माणूस दिसतोय व्हय रं?" म्हणून ते हसायचे. पूर्वी सगळी फळी मिळून लांबवर गोळ्यांचा मारा करी, त्या काळचे ते आकडे.

मी नववीत एनसीसीत गेलो. पॉइंट टू टूच्या पाच गोळ्यांतली एकही निशाणाला लागली नाही. तात्यांनी एका काठीला मागं दोन खिळे शेजारी-शेजारी मारले, पुढं एक. "तू निशाण बघतोस, तितंच चुकतं. निशाण धुरकट दिसू दे. माशी लख्ख दिसाय पायजे." डोळा एका वेळी एकाच अंतरावर ठरतो. खाच, माशी, निशाण ही तीन अंतरं. त्यातली माशी धरायची, एवढीच सगळी विद्या.

दुर्बिणीत ही अडचणच नाही. निशाण आणि आतली खूण एकाच अंतरावर दिसतात, वर निशाण मोठं होतं. इंग्रजांनी त्या युद्धात निवडक रायफलींवर तिप्पट मोठं दाखवणारी दुर्बीण बसवली होती. तात्या त्या दुर्बिणीवाल्यांना 'चष्मेवाले' म्हणत. काचेवर वाफ धरते, उन्हात ती चमकते, डोकं वर काढावं लागतं, ही त्यांची तक्रार.

ती खोटी नव्हती. फिनलंडचा सिमो हायहा हा आमच्यासारखाच शेतकरी. १९३९-४० च्या हिवाळ्यात रशियाशी लढताना त्यानं याच कारणांसाठी दुर्बीण नाकारली. साध्या माशीवर त्याच्या नावावर पाचशेहून जास्त माणसं लागली. माणसं मोजलेला आकडा लिहिताना हात जड होतो. ६ मार्च १९४० ला त्याच्याच जबड्यात गोळी बसली, तरी तो वाचला आणि २००२ पर्यंत जगला. तात्यांनी मात्र स्वतःचा आकडा कधीच सांगितला नाही. विचारलं की तंबाखू मळायचे.

पुढं काही वर्षांनी माझा धाकटा भाऊ एनसीसीत गेला. तात्यांनी माळ्यावरची तीच काठी काढली, खांद्याला लावली, एक डोळा मिटला. बराच वेळ तसेच उभे. मग काठी खाली घेऊन म्हणाले, "पुढचा खिळा पडला वाटतं रं."

खिळा जागेवर होता. त्यांनी बोटानं चाचपून बघितला, काठी भावाच्या हातात दिली आणि गोठ्याकडं गेले.

त्यानंतर 'चष्मेवाले' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.