सरहद्द, तार आणि अक्षर

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले महाल. पैकी पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. याच पेडणे महालातील पत्रादेवीवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या, आणि पुढे सरहद्द बंद झाली. पलीकडे तार टाकणे शक्य नव्हते. तेव्हा २५ नोव्हेंबरला वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी रानातून आकाशवाटेने आवाज धाडला.

१९ डिसेंबर १९६१ नंतर तो अडसर उरला नाही. यंत्रगणकांच्या काळात मात्र अंतर पुन्हा आडवे आले, आणि तेही किती थोडे! यंत्रगणक अक्षराचे शून्य-एकाचे ठोके एकामागून एक धाडतो; परंतु १९६० साली ठरलेल्या आर.एस. २३२ या प्रमाणाची तार साधारण ५० फुटांपलीकडे भरवशाची मानीत नसत. त्यावर तोडगा अल्पपल्ल्याच्या मोडेमचा. दूरध्वनीसारख्या तांब्याच्या जोडतारेवरून तो काही किलोमीटर मजल मारतो. एकाची पाठवणी दुसऱ्याच्या घेणीस जोडावी, दोन्हीकडचा वेग एक ठेवावा, एवढीच मुख्य पथ्ये. खरी कसोटी पावसाळ्याची. वीज कडाडली की दोन इमारतींखालच्या भूमीचा विद्युतदाब सारखा राहत नाही. म्हणून मोडेममधले छोटे रोहित्र तार आणि यंत्र यांना अलग ठेवते. ते नसले तर यंत्र जळते, आणि बोल मात्र बिचाऱ्या तारेला लागतो.